वाढणारीचं पान

"दोन घास. फक्त दोन घास खा, मग ऊठ," मी म्हणाले.

शाल्मली ताटाकडे बघत बसली होती. पोळीचे तिनं नखाएवढे तुकडे केले होते आणि ताटाच्या कडेनं ओळीत मांडले होते. तोंडात एकही गेला नव्हता. उल्हासांनी, माझ्या नवऱ्यानं, आपली वाटी पुढं सारली.

"रोज तेच. अजून किती दिवस चालणार आहे हे?"

"अहो, तुम्ही ओरडू नका. तुम्ही ओरडलात की ती आणखीच मिटून जाते."

"मी ओरडत नाहीये, विचारतोय. शाल्मली, काय पाहिजे तुला? बाहेरचं काही आणू? हॉटेलात जायचं? तोंडानं सांग तरी."

"मला भूक नाही, बाबा."

"नाही म्हणजे काय? माणसाला भूक लागतेच."

ती उठायला लागली. मी तिचं मनगट धरलं, पोळीचा तुकडा भाजीत बुडवला आणि तिच्या ओठांना लावला. सोळा वर्षांची मुलगी होती ती. तिनं दात घट्ट मिटले. मी दुसऱ्या हातानं तिचा जबडा धरला आणि तुकडा आत लोटायला लागले. रस्सा हनुवटीवरून ओघळून तिच्या कुडत्यावर सांडला. ती रडली नाही, झटापट केली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेनं माझा हात आपोआप सुटला. सुटताना मला कळलं की तिच्या मनगटाभोवती माझा अंगठा बोटांना ओलांडून पार पलीकडे गेला होता.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा आम्ही जळगावात नुकतेच नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो होतो. उल्हासांचं पाइप आणि मोटारींचं दुकान होतं, मी एका शाळेत भूगोल शिकवत होते आणि शाल्मली आमची एकुलती एक. दहावीच्या सुट्टीत तिनं गोड बंद केलं, मग तळलेलं, मग भात. सुरुवातीला आम्ही कौतुक केलं, मुलगी मनाची पक्की आहे म्हणून. दिवाळीपर्यंत तिचे गाल बसले. हातांवर बारीक लव आली, कंगव्यात केसांचे पुंजके निघायला लागले, आणि आमच्या जळगावच्या उन्हात ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालून थंडी वाजते म्हणायची. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं आणि वयात आलेल्या मुली अशाच असतात म्हणाले. शेवटी त्यांनीच एका मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंचं नाव सुचवलं. मी एकटीच जाऊन भेटून आले. बाई म्हणाल्या, हा आजार आहे, हट्ट नाही, मुलीला घेऊन या, उशीर करू नका. घरी येऊन मी उल्हासांना सांगितलं.

"वैजू, गाव केवढंसं आहे," ते म्हणाले. "त्या दवाखान्याची पायरी चढताना कुणी बघितलं, तर पोरीचं पुढं काय होईल? खाण्यासाठी कुणी वेड्यांच्या डॉक्टरकडे जातं का?"

मी त्यांच्याशी भांडले, अबोला धरला. ते हलले नाहीत. आणि शाल्मलीही म्हणत होती, मी येणार नाही, मला काही झालेलं नाही.

अशा दिवसांत ते पुस्तक माझ्या हातात आलं. शाळेच्या ग्रंथालयातली जुनी पुस्तकं रद्दीत काढली होती, त्यातलं एक कुणीतरी शिक्षकांच्या खोलीत आणलं. मधल्या सुट्टीत आमच्या चित्रकलेच्या बाई ते मोठ्यानं वाचून दाखवत होत्या आणि आम्ही सगळ्या डबे उघडे टाकून हसत होतो. गृहिणीला सल्ले देणारं पुस्तक होतं, कव्हर फाटलेलं, लेखिकेच्या नावाच्या जागी नुसतं 'एक अनुभवी गृहिणी'. पतीशी बोलताना आवाज खालच्या पट्टीत ठेवावा. संध्याकाळी वेणीफणी करून मगच दिवा लावावा. पाहुण्यांसमोर मोलकरणीला बोल लावू नये. बाई एकेक वाक्य नाटकी आवाजात वाचत होत्या. मग त्यांनी वाचलं, "ज्या घरी जेवणाचा वाद होतो त्या घरची मुले जेवत नाहीत. गृहिणीने कोणाच्याही पानाकडे टक लावून पाहू नये. त्याने घास अडतो."

पुन्हा हशा झाला. माझं हसू तिथंच थांबलं. घंटा झाल्यावर मी पुस्तक पर्समध्ये टाकलं.

माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या बाईनं असल्या पुस्तकाचा आधार घ्यावा, याचं त्या वेळी मला काहीच वाटलं नाही. बुडणाऱ्याला काय हाताला लागलंय हे बघायला वेळ नसतो. 'मुलांचे जेवण' हे प्रकरण मी इतक्या वेळा वाचलं की ते मला पाठ झालं.

दुसऱ्या दिवशी मी जेवणाचं टेबल भिंतीला लावलं आणि खाली पाट मांडले. टीव्ही बंद, फोन बाहेरच्या खोलीत. उल्हासांचे गुडघे कुरकुरत होते. "हे काय नवीन?" त्यांनी विचारलं. मी त्यांना आत नेऊन सांगितलं, "मला महिनाभर करू द्या. जेवताना तिच्याकडे बघायचं नाही, खाण्याबद्दल एक शब्द काढायचा नाही. तुम्ही दवाखान्याला नाही म्हणालात ना, मग हे तरी करा." त्यांनी मान हलवली. तेही थकले होते.

त्या दिवशी आमच्या घरात कितीतरी महिन्यांनी भांडणाविना जेवण झालं. उल्हासांनी दुकानात आलेल्या एका चक्रम गिऱ्हाईकाची गोष्ट सांगितली. मी माझ्या पानात बघून जेवत होते. शाल्मलीनं किती खाल्लं ते मला दिसलं नाही, पण ती पानावर बसून राहिली, मधेच उठून गेली नाही. मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

पुस्तकात पुढं लिहिलं होतं की वयात आलेल्या मुलीच्या हाती स्वयंपाकघर सोपवावं, अन्नाशी तिची आपोआप मैत्री होते. मला वाटलं होतं ती नको म्हणेल. पण तिचे डोळे चमकले.

"सगळं मी करू? तू मधे येणार नाहीस?"

"नाही येणार."

अकरावीची परीक्षा संपली तशी तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. आणि काय हात होता त्या मुलीचा. वांगी भाजून, मिरच्या ठेचून केलेलं भरीत, ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी, बेसनाची पातोडी. पदार्थ करण्याआधी ती दोनचार जणींना फोन करून नीट विचारून घ्यायची. चव मात्र मला बघायला लावायची. पळीतलं माझ्या तळहातावर घालून विचारायची, "आई, मीठ बघ." मी सांगायची, ती घालायची. ती स्वतः कधीच चव घेत नाही हे मला दिसत होतं, पण अंदाज चांगला आहे म्हणून मी सोडून द्यायची.

पुस्तकातली गृहिणी आधी सगळ्यांना वाढायची आणि मागून निवांत जेवायची. शाल्मलीनं ते प्रकरण वाचलं असावं, कारण एके दिवशी ती म्हणाली, "आई, तुम्ही दोघं बसा. मी गरम गरम वाढते, माझं मागून." आम्ही बसलो. ती भाकरी करून आणून वाढत होती, आग्रह करत होती, तिच्या बाबांच्या पानात लोण्याचा गोळा टाकत होती. पुस्तकात गाईसाठी पान काढायला सांगितलं होतं, तेही ती न चुकता काढायची. इमारतीच्या फाटकाशी एक गाय येऊन उभी राहायची, तिला ती पान नेऊन द्यायची. मग स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. थोड्या वेळानं तिचं उष्टं ताट मोरीत दिसायचं.

ते ताट बघून मला जे वाटायचं ते सांगता येणार नाही. वरणाचा ओघळ, भाकरीचा चुरा, चटणीचं बोट. बाकीची भांडी मी बाईसाठी ठेवायची, ते एक ताट मी स्वतःच्या हातानं घासायची.

उल्हासांच्या अंगावर मांस चढलं. ते दुकानातून वेळेवर घरी यायला लागले, हसायला लागले. एकदा मला म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो ना, दवाखाना नको. घरातच औषध होतं." मी हो म्हणाले. शाल्मलीच्या बांगड्या अजून कोपरापर्यंत सरकत होत्या, दुपारी ती पायांवर गोधडी घेऊन झोपायची, हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण आत्ताशी कुठं जेवायला लागलीय, अंगी लागायला वेळ लागणारच, असं मी मनाशी म्हणायची. तसं म्हटल्याशिवाय मला दिवस ढकलता येत नव्हता.

एके दिवशी आम्ही जेवून उठल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, बसतेस आत? माझ्याजवळ?"

मी हात पुसत होते. मला वाटलं, मी आत बसले की माझी नजर तिच्या पानाकडे जाणार आणि इतक्या दिवसांचं सगळं फुकट जाणार.

"तू जेव निवांत," मी म्हणाले. "मी बाहेर आहे."

तिनं दार लोटून घेतलं.

मग आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. माझ्या सासूसासऱ्यांच्या मागं उल्हासांच्या बहिणीला, शैलाताईंना, आमचंच घर माहेर होतं. त्या भुसावळहून सकाळीच आल्या. शाल्मलीनं दार उघडलं तशी त्यांनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि फिरवता फिरवता त्यांचा हात थांबला. दिवसभर त्यांची नजर तिच्यावरून हलली नाही.

पुरणपोळी, आमरस, भजी, कुरडया, कटाची आमटी. एवढा स्वयंपाक तिनं त्या उन्हाळ्यात एकटीनं केला. मी मदतीला गेले तर मला बाहेर पाठवलं. आम्ही तिघं पानावर बसलो. ती गरम पोळी तव्यावरून थेट पानात आणून टाकत होती, वर तुपाची धार. ओठ पांढरे दिसत होते, कपाळावर मात्र घामाचा थेंब नव्हता.

"अशी पोळी मी माझ्या आईच्या हातची खाल्ली होती," उल्हास म्हणाले. "अजून एक टाक गं."

"वैजू, तिला आपल्याबरोबर बसव," शैलाताई म्हणाल्या.

"ती मागून जेवते, ताई. तिला तसंच आवडतं."

"तेव्हा कोण असतं तिच्याजवळ?"

"कुणी नसतं. शांतपणे जेवते."

शैलाताईंनी हातातली रसाची वाटी खाली ठेवली. शाल्मली आत गेली होती. त्यांनी आवाज उतरवला.

"सासरी मी किती वर्षं मागून जेवले, ठाऊक आहे तुला? पातेल्यात काय उरलं आणि माझ्या पोटात काय गेलं, त्या घरात कुणी कधी विचारलं नाही. कितीदा नुसतं पाणी पिऊन उठलेय मी. मागून जेवणारी बाई जेवलीय की नाही, ते कुणाला दिसत नाही." त्या थांबल्या. "तू पाहिलंयस तिला जेवताना? एकदा तरी?"

उल्हास माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडातला घास तसाच राहिला होता. मी तो कसाबसा गिळला आणि उठले.

स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. मी आवाज न करता ढकललं. शाल्मली ओट्याला टेकून खाली बसली होती, पुढ्यात कोरडं ताट. तिनं दोन बोटं रसात बुडवली आणि ताटावरून फिरवली, जेवल्यावर उरतो तसा ओघळ काढला. मग पोळीचा एक कोपरा मोडून कुस्करला आणि चुरा थोडा इथं, थोडा तिथं टाकला. मी फळ्यावर नकाशा काढते तितक्या सवयीनं ती ते करत होती. शेजारी गाईचं पान होतं. त्यावर पुरणपोळ्या घडी करून ठेवल्या होत्या, वर भात, वर भजी. एका माणसाचं सणाचं भरपेट जेवण.

"शाल्मली."

तिचा हात थांबला. ती दचकली नाही.

"ते पान कुणाचं?"

"गाईचं."

"आणि तुझं?"

"तेच."

"रोज?"

तिनं मान हलवली. मी तिच्यासमोर खाली बसले.

"मग तू काय खात होतीस?"

"काकडी. चहा. कधीतरी ताक." तिनं बोटं पदराला पुसावीत तशी स्वतःच्या बाहीला पुसली. "ओरडू नकोस, आत्या आलीय."

"मी ओरडत नाही. मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मला वाटलं तुला माहीत आहे. घरात भांडण नव्हतं, बाबा हसत होते, तू गुणगुणायला लागली होतीस. म्हटलं, मी खात नाहीये हे तुला चालतंय. फक्त ते दिसायला नको."

"नाही गं. असं नाही."

"मी तुला आत बोलावलं होतं एकदा."

ती ओट्याची कड धरून उठायला लागली, अर्धी उठली आणि कोसळली. डोकं फरशीवर आपटायच्या आत मी तिला धरलं. मी हाक मारली असावी, कारण उल्हास आणि शैलाताई दारात होते. मी तिला उचलून उभी राहिले होते. जोर लावावा लागला नाही.

"कुठं न्यायचं?" उल्हासांनी विचारलं. त्यांचे हात अजून रसानं माखलेले होते.

"मोठ्या रुग्णालयात. आता कुणी बघितलं तर बघू दे."

त्यांनी हातही धुतले नाहीत. गाडीची चावी त्यांना सापडेना, ती त्यांच्याच खिशात होती. मोठ्या रुग्णालयात तिला सलाईन लावलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेतलं आणि सांगितलं की हृदय फार हळू चालतंय, रक्तातले क्षार घसरलेत, आणखी थोडे दिवस असेच गेले असते तर तुम्ही तिला जिवंत आणलं नसतं. उल्हास भिंतीला टेकले. मग त्यांनी स्वतःच फोन काढला आणि ज्या डॉक्टरबाईंचं नाव त्यांना घरात ऐकायला नको होतं, त्यांना लावला. "मॅडम, मी बऱ्हाटे बोलतोय," एवढंच ते म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला.

शाल्मली वाचली. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवसांत मला ते कुणी सांगू शकत नव्हतं. बरं व्हायला तिला वर्षं लागली. मधे एकदा सगळं पुन्हा ढासळलं, पुन्हा भरती करावं लागलं. आता ती पुण्याला असते, नोकरी करते, आणि तिचे काही दिवस अजूनही कठीण जातात. तसा दिवस असला की ती मला फोन करून सांगते.

पण मला सांगायचंय ते रुग्णालयातल्या, काही दिवसांनंतरच्या एका दुपारचं. तिच्या नाकात नळी होती, ती दोनदा तिनं ओढून काढली होती. माझ्याशी ती बोलत नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडायची. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की आता तोंडानं थोडं थोडं द्यायचं, आणि कुणीतरी शेवटपर्यंत तिच्याजवळ बसायचं. परिचारिका तांदळाची पेज ठेवून गेली. शाल्मलीनं हाताच्या फटक्यानं वाटी उडवली. पेज माझ्या साडीवर, पलंगावर, फरशीवर. परिचारिकेनं पुसून घेतलं आणि दुसरी वाटी आणून दिली.

मी ती हातात धरून बसले. खिडकीतून ऊन आत आलं होतं, बाहेर कुणीतरी कुलर दुरुस्त करत होतं, त्याची खटखट चालली होती. पेजेवर साय धरली.

"आई," ती भिंतीकडे बघतच म्हणाली.

"काय गं?"

"मला भूक लागते."

मी वाटी घट्ट धरली. इतक्या महिन्यांत भूक लागते असं तिच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

"रोज लागते. खूप लागते. लागली की मला भीती वाटते."

"कसली?"

"एकदा खायला लागले तर मला थांबताच येणार नाही. मी कुणीच उरणार नाही." ती वळली. डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, मधे तेच बाळपणीचे डोळे. "तुला कळत नाहीये, मी काय म्हणतेय ते."

"नाही कळत," मी म्हणाले. खरंच कळत नव्हतं. पुस्तकी उत्तर माझ्याकडे एकही उरलं नव्हतं. "पण भीती मलाही वाटतेय. मग आपण घाबरत घाबरतच खाऊ. चालेल?"

तिनं तोंड उघडलं, अगदी थोडंसं.

एक चमचा गेला. दुसऱ्याला ती रडायला लागली, आवाज न करता, पेज ओठांच्या कडेनं वाहायला लागली. मी चमचा खाली ठेवला नाही. आणि तिनंही तोंड भिंतीकडे वळवलं नाही.